२०० आलं म्हणजे डेटा पोचला असं नाही: एका जुन्या तडजोडीचा इतिहास

मागच्या जुलैमध्ये माझा १९ दिवसांचा डेटा गेला. सेन्सर चालू होते, बॅटऱ्या भरलेल्या होत्या, मोबाइलला रेंज होती, सर्व्हरही चालू होता. प्रोग्रॅमची लॉग फाइल उघडली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी '२००' लिहिलेलं. एचटीटीपीच्या भाषेत २०० म्हणजे 'सगळं ठीक'. आणि डेटाबेसमध्ये त्या १९ दिवसांची एकही नोंद नाही.

माझं काम जमिनीतल्या ओलाव्यावर आहे. शेतात चार ठिकाणी सेन्सर लावलेत, प्रत्येकाजवळ एक रास्पबेरी पाय, आणि त्यावर पायथनची चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट. दर १५ मिनिटांनी मोजमाप घ्यायचं, विभागातल्या सर्व्हरला पाठवायचं, उत्तर २०० आलं की कार्डावरची प्रत पुसून टाकायची. कार्ड भरू नये म्हणून हे पुसणं मीच हौसेने लिहिलं होतं. एका ठिकाणच्या दिवसाला ९६ नोंदी, चार ठिकाणच्या ३८४, म्हणजे १९ दिवसांच्या ७,२९६. आकडा फार मोठा नाही, पण पाऊस जमिनीत मुरायला लागतो ते नेमके हेच दिवस. पुढच्या वर्षी जुलै पुन्हा येईल, पण हा जुलै येणार नाही.

कारण शोधायला दोन दिवस लागले. सापडलं ते अगदीच किरकोळ निघालं. सर्व्हरला एचटीटीपीएस बसवलं होतं, आणि जुन्या एचटीटीपी पत्त्यावर येणारी प्रत्येक विनंती नव्या पत्त्याकडे वळवली होती. माझ्या स्क्रिप्टमध्ये पत्ता जुनाच राहिला होता. एवढंच.

पण मग एरर यायला हवी होती ना? ती का आली नाही, हे समजून घेताना मी १९९१ पासूनच्या कागदपत्रांत शिरले. संशोधनासाठी ज्यांना प्रोग्रॅममधून वेब सर्व्हरला डेटा पाठवावा लागणार आहे (आणि आता तो बहुतेकांना लागतो), त्यांच्यासाठी तो इतिहास इथे मांडते आहे.

आधी, नेमकं झालं काय?

स्क्रिप्टने जुन्या पत्त्यावर 'पोस्ट' विनंती पाठवली, आत मोजमापं. सर्व्हर म्हणाला ३०१, म्हणजे 'पत्ता कायमचा बदललाय, नवा हा'. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी मला काहीही न विचारता नव्या पत्त्यावर गेली. मात्र जाताना तिने दोन गोष्टी केल्या. 'पोस्ट'चं 'गेट' केलं आणि आतला मजकूर टाकून दिला. नव्या पत्त्यावर 'गेट' केलं की माणसांना बघण्यासाठी केलेलं, नोंदींच्या तक्त्याचं पान मिळतं. ते मिळालं, सोबत २००. स्क्रिप्टने २०० बघितलं आणि कार्डावरची प्रत पुसली.

घरगुती भाषेत सांगायचं तर, आईने दिलेला डबा घेऊन तुम्ही काकूंकडे गेलात. दारावर पाटी, 'आम्ही शेजारच्या गल्लीत राहायला गेलोय'. तुम्ही डबा तिथेच पायरीवर सोडलात, नव्या घरी गेलात आणि दारातून विचारलंत, 'काय, कसं काय?' आतून उत्तर आलं, 'सगळं छान!' घरी येऊन तुम्ही आईला सांगितलंत, डबा पोचला.

इतका वेडेपणा एखाद्या नावाजलेल्या लायब्ररीत कसा काय? गंमत म्हणजे ही लायब्ररीतली चूक नाहीच. ती जाणूनबुजून असं वागते, आणि आजच्या मानकाची तिला तशी मुभा आहे.

फक्त 'दे' म्हणणारा वेब

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत मार्च १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर पहिला ब्राउझर चालवला. तो ब्राउझर संपादकही होता, पान उघडायचं आणि तिथेच बदलायचं. पण बदललेलं पान जतन करता यायचं ते आपल्याच संगणकावरच्या फाइलमध्ये. दूरच्या सर्व्हरला ते परत पाठवायची सोयच प्रोटोकॉलमध्ये नव्हती.

१९९१ चा एचटीटीपी (ज्याला नंतर ०.९ हे नाव पडलं) एका ओळीचा होता. 'गेट' हा शब्द आणि पुढे पानाचा पत्ता. सर्व्हर पान पाठवायचा आणि जोडणी बंद करायचा. हेडर नाहीत, स्थिती सांगणारा क्रमांक नाही. काही चुकलंच तर चुकीचा संदेशही साध्या पानासारखाच यायचा. तो माणसाने वाचायचा आणि समजायचं. प्रोग्रॅमला यश आणि अपयश यातला फरक कळायला काही मार्गच नव्हता. तशी गरजही कुणाला वाटली नसावी, कारण समोर माणूस बसलेला असणार हे गृहीतच होतं. हे गृहीत लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तरीही थोडा डेटा सर्व्हरकडे जायला लागला. पानात एक विशिष्ट खूण असली की ब्राउझर शोधशब्द विचारायचा आणि पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून ते शब्द जोडायचा. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेत सुरू झाला, तो स्पायर्स या भौतिकशास्त्राच्या संदर्भसूचीत शोध घेता यावा म्हणून. म्हणजे वेबवर प्रोग्रॅमकडे गेलेल्या सुरुवातीच्या डेटामध्ये संशोधकांचे शोधशब्द होते, पत्त्याच्या शेपटीला बांधलेले. आजही ब्राउझरच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे जे दिसतं, ते याच घराण्यातलं.

मग 'घे' आलं

१९९२ च्या मसुद्यात बर्नर्स-ली यांनी 'गेट'सोबत आणखी बरीच क्रियापदं सुचवली. त्यातलं एक 'पोस्ट'. नाव टपालावरून आलेलं वाटतं, पण कल्पना न्यूजग्रुपच्या जवळची होती. आधीपासून असलेल्या एका गोष्टीखाली नवी गोष्ट लावायची, जशी फलकावर चिठ्ठी.

पोस्टला खरं काम मिळालं १९९३ मध्ये. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात मोझेक ब्राउझर तयार होत होता, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत भरायचे फॉर्म आले. त्याच केंद्रात रॉब मॅककूल यांनी लिहिलेल्या सर्व्हरने बाहेरचे प्रोग्रॅम चालवायची एक ठरलेली पद्धत आणली, ती सीजीआय.

सीजीआय समजून घेण्यासारखं आहे, कारण फ्रेमवर्कच्या पोटात आजही तोच आराखडा सापडतो. 'गेट'ने आलेला डेटा एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळायचा. 'पोस्ट'ने आलेला डेटा स्टँडर्ड इनपुटवर यायचा आणि तो किती बाइट आहे ते दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये. म्हणजे कीबोर्डवरून वाचता येणारा कुठलाही प्रोग्रॅम, पर्लमधला असो, सी मधला असो की शेल स्क्रिप्ट असो, वेबवरून डेटा घेऊ शकत होता. इतकी सोपी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. औपचारिक आरएफसी (इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित दस्तऐवजांत छापतात ते) मात्र ऑक्टोबर २००४ मध्ये आला, तोवर सीजीआय जुनं होऊन गेलं होतं. नियमाच्या दहा वर्षं आधी वापर, हा क्रमही लक्षात ठेवा.

सीजीआय स्क्रिप्टला उत्तर देण्याचे दोन मार्ग होते. एक, स्वतः पूर्ण पान छापायचं. दोन, फक्त एक ओळ छापायची, 'पान तिकडे आहे, तिकडे जा'. दुसऱ्या मार्गात सर्व्हर ब्राउझरला ३०२ हा क्रमांक पाठवायचा. इथून गोंधळ सुरू होतो.

एक क्रमांक, दोन अर्थ

३०२ चा कागदावरचा अर्थ असा, की ही गोष्ट तात्पुरती दुसरीकडे हलवली आहे, तीच विनंती तिकडे घेऊन जा. डबा नव्या घरी न्या.

पण फॉर्म लिहिणाऱ्यांची गरज वेगळी होती. त्यांना म्हणायचं होतं, तुमचा फॉर्म मिळाला, आता 'धन्यवाद'चं पान तिकडे आहे ते बघा. डबा घेतला, आता पुढच्या खोलीत येऊन बसा. इथे फॉर्म पुन्हा पाठवला तर उलट घोळ होतो. मागणी दोनदा नोंदली जाते.

दोन्हीसाठी तेच ३०२ वापरलं जाऊ लागलं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी व्यवहार बघितला आणि दुसरा अर्थ धरला. पोस्टनंतर वळवलं तर पुढची विनंती 'गेट' करायची.

मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा आरएफसी १९४५ आला. लेखक तिघे, बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक. हा आरएफसी आदेश देणारा नव्हता, जे चालू आहे त्याची माहिती देणारा होता. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्यात. एक, पोस्ट विनंती ३०१ किंवा ३०२ ने वळवली गेली तर वापरकर्त्याला विचारल्याशिवाय आपोआप पुढे जाऊ नये. दोन, काही प्रचलित ब्राउझर तिचं चुकून 'गेट' करतात. 'चुकून' हा शब्द त्यांचाच.

फील्डिंग तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसवर पीएचडी करत होते, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच. (त्यांचा प्रबंध २००० साली पूर्ण झाला. 'रेस्ट' हा शब्द त्यातूनच आला. प्रबंध कसा लिहावा यासाठीही तो वाचा.)

दुरुस्तीचे प्रयत्न झाले. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये ३०३ आला. अर्थ एकच, 'मिळालं, आता तिकडे जाऊन गेट करा'. जून १९९९ च्या सुधारित आवृत्तीत ३०७ आला. अर्थ एकच, 'तीच विनंती, त्याच मजकुरासकट, तिकडे न्या'. दोन अर्थांना दोन क्रमांक मिळाले. कागदावर प्रश्न सुटला.

प्रत्यक्षात ३०२ पाठवणाऱ्या स्क्रिप्ट जगभर पसरल्या होत्या. एखाद्या ब्राउझरने नियम पाळायचं ठरवलं असतं, तर कालपर्यंत चालणारी संकेतस्थळं त्याच्यात मोडली असती आणि लोकांनी दोष त्या ब्राउझरलाच दिला असता. त्यामुळे कुणीच बदललं नाही.

वापरकर्ता म्हणजे कोण?

आता प्रोग्रॅमकडे येऊ. 'वापरकर्त्याला विचारा' हा नियम ब्राउझरला ठीक आहे, खिडकी उघडून विचारता येतं. रात्री दोन वाजता शेतातल्या डब्यात चालणाऱ्या स्क्रिप्टने कुणाला विचारायचं? समोर माणूस आहे हे १९९१ चं गृहीत इथे तुटतं, आणि निर्णय लायब्ररी लिहिणाऱ्यांवर येतो. त्यांनी तो वेगवेगळा घेतला.

पर्लची लिबडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-पर्ल ही या कामाच्या सर्वात जुन्या लायब्रऱ्यांपैकी एक. तिची सुरुवात फील्डिंग यांनीच, मॉमस्पायडर नावाच्या आपल्या प्रोग्रॅमसाठी केली. हा प्रोग्रॅम वेबवरचे तुटलेले दुवे शोधायचा. मे १९९४ च्या जिनिव्हातल्या पहिल्या वेब परिषदेत त्यावर त्यांचा शोधनिबंध होता. या लायब्ररीची पर्ल ५ साठीची आवृत्ती नियम पाळते. मूळ सेटिंगमध्ये ती पोस्ट पुढे वळवतच नाही, ३०१ तुमच्या हातात देऊन थांबते.

पायथनसोबत येणारी यूआरएललिब वळते आणि 'गेट' करते. तिच्या कोडमधली टीप प्रामाणिक आहे. काटेकोरपणे बघता हे नियमाला धरून नाही, पण बाकी सगळे असंच करतात म्हणून आम्हीही करतो, असा तिचा मथितार्थ. २०११ ची रिक्वेस्ट्सही ब्राउझरांच्याच मागे गेली.

डॅनियल स्टेनबर्ग यांचं कर्ल (हे नाव मार्च १९९८ चं) तिसऱ्या वाटेने गेलं. तुम्ही सांगितल्याशिवाय ते वळतच नाही. वळायला सांगितलं तर ३०१ आणि ३०२ वर 'गेट' करतं, आणि पोस्टच ठेवायचं असेल तर त्यासाठी वेगळे पर्याय देतं.

म्हणजे मी हीच स्क्रिप्ट पर्लमध्ये लिहिली असती, तर पहिल्या १५ मिनिटांत ३०१ दिसला असता आणि माझा जुलै वाचला असता. पायथन वाईट आहे असा याचा अर्थ नाही. 'सोपी' लायब्ररी म्हणजे कुणीतरी आपल्या वतीने निर्णय घेऊन ठेवलेली लायब्ररी, आणि तो निर्णय मी वाचला नव्हता.

चूक नियमात बसली

२००७ मध्ये एचटीटीपीचे नियम नव्याने लिहायला एक कार्यगट बसला. जून २०१४ मध्ये नवे आरएफसी आले, संपादक फील्डिंग आणि युलियन रेश्के. त्यात ३०१ आणि ३०२ खाली टीप आहे की ऐतिहासिक कारणांमुळे पोस्टचं गेट करायला मुभा आहे. ते नको असेल तर काटेकोर क्रमांक वापरा. ३०२ चा काटेकोर जोडीदार ३०७ होताच. ३०१ ला असा जोडीदार नव्हता, म्हणून ३०८ आला, २०१४ मध्ये प्रायोगिक आणि एप्रिल २०१५ मध्ये मानक म्हणून. जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही ही टीप तशीच आहे.

ज्या दस्तऐवजाने १९९६ मध्ये या वागणुकीला 'चूक' म्हटलं आणि ज्याने २०१४ मध्ये तिला मुभा दिली, त्या दोन्हींवर फील्डिंग यांचं नाव आहे. पहिल्यांदा वाचताना मला ही माघार वाटली. आता वाटत नाही. सगळं जग एका पद्धतीने चालत असताना 'असं चालत नाही' असं लिहिलेलं मानक प्रोग्रॅमरला फसवतं. 'असं चालतं, आणि ते टाळायचं असेल तर हा मार्ग' असं लिहिलेलं मानक निदान सावध करतं. अट एकच, ते कुणीतरी वाचायला हवं. मी डेटा गेल्यावर वाचलं.

जुना घोळ नव्याने का वर आला?

कारण एचटीटीपीएस. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टने सर्वांना फुकट प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपीच्या प्रत्येक पानावर 'असुरक्षित' असा शेरा दाखवू लागला. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी भराभर एचटीटीपीएस बसवलं आणि जुने पत्ते वळवले, बहुतेक ठिकाणी ३०१ ने, कारण सवयीचा क्रमांक तोच. पान बघणाऱ्या माणसाला काहीच फरक पडला नाही. जुन्या पत्त्यावर पोस्ट करणाऱ्या स्क्रिप्टचा मात्र डबा पायरीवर राहिला.

इथे एक उपप्रश्न येतो. सर्व्हरने ३०८ दिला असता तर काम झालं असतं का? डेटा पोचला असता, हो. पण पहिली विनंती तरीही उघड्या एचटीटीपीवरूनच गेली असती, आतल्या पासवर्डसकट. म्हणून खरा उपाय एकच, स्क्रिप्टमधला पत्ता बदलणं.

मी काय बदललं

गाईड मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'पोचल्याची पावती कोण देत होतं?' त्या प्रश्नावरून सगळं पुन्हा लिहिलं.

१. पोस्ट करताना आपोआप वळणं बंद. ३०० च्या घरातलं कुठलंही उत्तर आलं की ती एरर समजायची आणि मला मेसेज यायचा.

२. सर्व्हरने यशाला २०० न देता २०१ द्यायचं. २०१ म्हणजे 'नवी नोंद तयार झाली'. सोबत नोंदीचा क्रमांक. स्क्रिप्ट नेमका २०१ आणि क्रमांक दोन्ही तपासते. तक्त्याचं पान चुकूनही २०१ देणार नाही.

३. प्रत्येक मोजमापाला शेतातच एक स्वतंत्र ओळखक्रमांक. पोस्ट दोनदा गेली तर नोंद दोनदा होऊ शकते, आणि जोडणी मध्येच तुटली की ती पोचली की नाही हे कळत नाही. ओळखक्रमांक असला की बिनधास्त परत पाठवता येतं, सर्व्हर दुसरी प्रत बाजूला टाकतो.

४. कार्डावरचं काहीही आपोआप पुसायचं नाही. दिवसाला ९६ ओळींचा मजकूर कार्ड भरायला किती वर्षं घेईल याचा हिशोब मी आधी केलाच नव्हता.

५. रोज सकाळी सर्व्हरवरच्या नोंदी मोजायच्या. ३८४ नसतील तर चौकशी. खरं तर हे एवढं जरी केलं असतं, तरी नुकसान एका दिवसाचं झालं असतं.

यातलं पाचवं काम तुम्ही आजच करू शकता, प्रोग्रॅमिंग फारसं येत नसलं तरी. पाठवणाऱ्या बाजूने 'पाठवलं' म्हणणं हा पुरावा नाही, घेणाऱ्या बाजूला मोजलं तरच तो पुरावा.

माझ्या प्रबंधात आता त्या १९ दिवसांची मोकळी जागा आहे. आलेखात तिथे रेषा जोडलेली नाही, आणि पद्धतीच्या प्रकरणात डेटा का नाही हे एका परिच्छेदात लिहिलंय, ३०१ च्या उल्लेखासकट. सायनॉप्सिसच्या वेळी एका परीक्षकांनी त्यावरच सर्वाधिक प्रश्न विचारले. उत्तरं देता आली.